हातात हात, मोजून काही सेकंद : जपानी चाहतेपणाची पन्नास वर्षं

आजचा विषय फलकावर वाचून आपल्यातल्या काही ज्येष्ठ श्रोत्यांनी दारातच विचारलं, ‘कार्टून आणि नाचणाऱ्या मुली, हा इतिहासाचा विषय कधीपासून झाला?’ झाला आहे, असं आमचं म्हणणं आहे. तासाभरात पटलं नाही, तर प्रश्नोत्तरांत आम्हाला जरूर धारेवर धरा.

सुरुवात कचऱ्यापासून करू. २०१७ साली जपानच्या फुकुओका प्रांतात डोंगरात कोणीतरी सीडी टाकून दिल्याचं उघडकीला आलं. एक-दोन नाही, ५८५. त्या होत्या एकेबी४८ या मुलींच्या गायनसमूहाच्या. पोलिसांनी माग काढला तेव्हा कळलं, की टाकणारा माणूस त्या गटाचा वैरी नव्हता, ग्राहक होता. त्याला गाणं नको होतं. सीडीच्या वेष्टनात एक चिठ्ठी येते, ती त्याला हवी होती. चिठ्ठी काढून घेतली आणि उरलेला माल डोंगरात.

हे ऐकून आपण हसतो. ‘वेडे आहेत झालं!’ पण इतिहासाच्या अभ्यासकाने ‘वेडे आहेत’ म्हणून हात झटकले, की त्याचं काम संपलं. ५८५ सीडी घेणारा माणूस एका दिवसात तयार होत नाही. त्याच्यामागे अर्धशतकाचा रस्ता आहे. या रस्त्यावर चाहत्यांनी जे हौसेने, पदरमोड करून उभं केलं, ते पुढे धंद्याने उचललं, त्याला तिकीट लावलं. आणि त्याचं बिल मात्र तिसऱ्याच कुणीतरी भरलं. आज आपण ते बिल कुणाच्या नावावर फाटलं ते बघणार आहोत.

आधी शब्द. ‘आयडल’, जपानी उच्चारात ‘आइदोरु’. मूर्ती, दैवत. १९६३चा एक फ्रेंच चित्रपट पुढच्या वर्षी जपानमध्ये लागला, त्यातलं सिल्वी वार्तानचं गाणं गाजलं आणि चित्रपटाच्या जपानी नावातला हा शब्द तरुणांच्या तोंडी बसला. पण जपानने त्याचा अर्थच पालटला. दैवत म्हणजे दूरचं, अप्राप्य. जपानी आयडल मात्र शेजारच्या घरातली वाटली पाहिजे. १९७१ साली ‘स्टार तान्जो!’ नावाचा दूरदर्शन कार्यक्रम सुरू झाला. ‘ताऱ्याचा जन्म’. शाळकरी मुलं-मुली गाणं म्हणायची आणि त्यांतून कुणाला तरी कंपनी उचलायची. मोमोए यामागुची तिथूनच आली. आता लक्षात घ्या, प्रेक्षक इथे तयार गायिका ऐकत नाही. तो कच्ची मुलगी पक्की होताना बघतो. आयडलचा आवाज थोडा डळमळला तरी चालतो, किंबहुना डळमळलाच पाहिजे. कारण तिच्या वाढण्यात आपलाही हात आहे, असं प्रेक्षकाला वाटायचं असतं. पुढचं सगळं या ‘आपलाही हात’मधून निघालं.

याच सुमाराला एक विलक्षण गोष्ट घडली. ‘आशिता नो जो’ या मुष्टियुद्धावरच्या चित्रकथेत तोरु रिकिइशी हे पात्र मेलं. २४ मार्च १९७० रोजी कोदान्शा या प्रकाशन संस्थेत त्या पात्राचा अंत्यविधी झाला. खराखुरा! कवी-नाटककार शुजी तेरायामा यांनी तो योजला आणि सातशेच्या आसपास लोक शोक करायला आले. कागदावरच्या माणसाचं सुतक कागदाबाहेर पाळलं गेलं. हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ‘खोट्या पात्रावर खरं प्रेम’ हा प्रकार इंटरनेटने किंवा मोबाइलने आणला, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तो त्याआधीचा आहे.

मुलींचं काय? या इतिहासात पुष्कळदा चाहता म्हणजे चष्मा लावलेला एकटा तरुण, असं चित्र काढतात. ते चूक आहे. रियोको इकेदा यांची ‘व्हर्सायचा गुलाब’ ही चित्रकथा १९७२ पासून एका मुलींच्या साप्ताहिकात आली. फ्रेंच राज्यक्रांती, आणि पुरुषवेषात वाढलेली ऑस्कर नावाची सेनाधिकारी. १९७४ मध्ये ताकाराझुकाने ती रंगमंचावर आणली. ताकाराझुका म्हणजे सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात अशी संगीत नाटकमंडळी. ओसाकाच्या उत्तरेला रेल्वे चालवणाऱ्या इचिझो कोबायाशी यांनी गाडीला उतारू मिळावेत म्हणून ती १९१३ साली काढली. त्याच १९१३ साली आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली, हा निव्वळ योगायोग. तिकडे पुरुष साकारणाऱ्या स्त्रिया, इकडे स्त्री साकारणारे बालगंधर्व. आणि दोन्हीकडे समोर बसून त्या उसन्या रूपावर जीव ओवाळून टाकणारा स्त्रीवर्ग. बालगंधर्वांसारखं नेसणाऱ्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालणाऱ्या बायका आपल्या आज्यांच्या पिढीने पाहिल्या आहेत. तेव्हा जपानी चाहत्यांना हसताना आपण जरा जपून हसू.

तर या मुली. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योमध्ये पहिला ‘कॉमिक मार्केट’ भरला. चाहत्यांनी स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या पुस्तिकांचा बाजार. ३२ गट, सातशेच्या आसपास माणसं, आणि त्यांत मोठा भरणा शाळकरी मुलींचा. आवडत्या पात्रांच्या पुढच्या गोष्टी त्या स्वतः रचत होत्या. भरवणारे हौशी, विकणारे हौशी, आणि तिथे ‘गिऱ्हाईक’ हा शब्दच वापरत नाहीत. येणारा प्रत्येक जण सहभागी. हा मेळा आजही भरतो, लाखांच्या गर्दीने.

आणि तरुण मुलगे? ते ‘कँडीज’च्या मागे होते. रान, सू आणि मिकी या तिघींचा गट. १७ जुलै १९७७ रोजी तोक्योच्या हिबिया खुल्या रंगमंचावर कार्यक्रमाच्या शेवटी तिघी रडू लागल्या आणि म्हणाल्या, आम्हाला पुन्हा साध्या मुली व्हायचंय. लोक थक्क. आता चाहत्यांनी काय करावं? आजच्या हिशेबाने त्यांनी चिडायला हवं होतं. त्यांनी उलट केलं. कँडीजच्या चाहत्यांची देशव्यापी संघटना होती, त्यात कॉलेजचे विद्यार्थी पुष्कळ. त्यांनी ठरवलं, की या मुलींना पहिला क्रमांक कधी मिळाला नाही, तो मिळवून देऊनच निरोप द्यायचा. शेवटची तबकडी, ‘होहोएमी-गाएशी’, म्हणजे हसूची परतफेड, खरोखरच विक्रीच्या यादीत पहिली आली. पहिली आणि शेवटची. ४ एप्रिल १९७८ला कोराकुएन मैदानावर निरोपाचा कार्यक्रम झाला, पन्नास हजारांहून जास्त लोक होते. त्या काळी मंचावर कागदी फिती फेकायची पद्धत होती. आणि चांगला चाहता फेकण्याआधी त्या गुंडाळीच्या मधली कडक नळी काढून टाकायचा. मुलींना लागू नये म्हणून.

ही नळी लक्षात ठेवा. आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

ऐंशीच्या दशकात प्रेमकथांचा ॲनिमे घराघरांत पोचला. ‘उरुसेइ यात्सुरा’, ‘टच’, ‘मेझों इक्कोकु’, ‘किमागुरे ऑरेंज रोड’. यांची मेख एकच : प्रेम जमतंय जमतंय म्हणता जमत नाही. ‘उरुसेइ यात्सुरा’मध्ये लम नावाची परग्रहावरची मुलगी आतारूच्या मागे लागते. त्याने एकदा तोंडाने म्हणावं, की तू मला आवडतेस, एवढंच तिला हवं असतं. रुमिको ताकाहाशी यांची मूळ चित्रकथा १९७८ ते १९८७ चालली आणि तो बेटा शेवटपर्यंत म्हणत नाही! ताकाहाशींनीच ‘मेझों इक्कोकु’त मात्र नायक-नायिकेचं लग्न लावलं, मूल दाखवलं, गोष्ट पुरी केली. पण धंद्याला जास्त उपयोगी पडली ती पहिली तऱ्हा. जमलेलं प्रेम संपतं. ताटकळलेल्या प्रेमाचे भाग वाढवता येतात.

आणि या प्रेमकथेची आयडलशी गाठ कुठे पडली? ‘मॅक्रॉस’मध्ये. १९८२-८३ची मालिका. वर वर अंतराळयुद्ध, आत त्रिकोण : वैमानिक हिकारू, अधिकारी मिसा आणि चिनी उपाहारगृहातली पोर मिनमेइ, जी बघता बघता आयडल होते. मिनमेइला आवाज दिला मारी इइजिमा या गायिकेने आणि तिची गाणी खऱ्या बाजारात विकली गेली. शत्रू आहेत राक्षसी आकाराचे सैनिक. त्यांच्यात स्त्री-पुरुष वेगळे ठेवलेले, गाणं नाही, प्रेम नाही. त्यांतले तीन हेर माणसांच्या जहाजात शिरतात आणि मिनमेइचे चाहते होऊन बसतात. तिची बाहुली काय घेतात, गाणं काय गुणगुणतात! समोर बसलेल्या पोरांना कळत होतं, हे तिघं म्हणजे आपणच. आणि शेवटी हिकारू मिनमेइला निवडत नाही, मिसाला निवडतो. आयडल सगळ्यांची असते, म्हणून ती कुणा एकाची होत नाही. ॲनिमेने हे दुःख म्हणून सांगितलं. धंद्याने पुढे त्याचा नियम केला.

‘ओताकू’ हा शब्दही याच काळातला. मूळ अर्थ ‘आपलं घर’, आणि त्यावरून आदरार्थी ‘आपण’. मेळ्यांत एकमेकांना नाव-गाव न विचारता ही मुलं ‘आपण काय जमवता?’ असं अवघडून बोलायची. अकिओ नाकामोरी यांनी १९८३ साली एका मासिकात या बोलण्याची टर उडवली आणि शिक्का बसला. १९८९ मध्ये लहान मुलींच्या खुनांच्या प्रकरणात पकडलेल्या माणसाच्या खोलीत व्हिडिओ टेपांचे ढीग सापडले, तेव्हा वर्तमानपत्रांनी सगळ्या ओताकूंनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. एका पिढीने आपली आवड लपवायला शिकली ती तेव्हापासून. लपवलेल्या माणसाला कुणीतरी ओळखावं ही भूक मोठी असते. याचा पुढे संबंध येतो.

१९९४ साली कोनामी कंपनीने ‘तोकिमेकी मेमोरियल’ हा खेळ काढला. माध्यमिक शाळेची तीन वर्षं. अभ्यास करा, खेळ खेळा, फोन करा, फिरायला न्या. आणि शाळेच्या निरोप समारंभाच्या दिवशी एका झाडाखाली मुलगी येऊन मनातलं सांगते. न सांगितलं तर तीन वर्षं वाया. गंमत म्हणजे एखाद्या मुलीकडे दुर्लक्ष केलं, की तिच्या नावापुढे बॉम्ब दिसायला लागतो; फुटला, की सगळ्याच मुलींची मर्जी उतरते. म्हणजे प्रेम हा आता हिशेब झाला. वेळ किती दिला, त्याचे गुण किती. २००५ मध्ये ‘आयडलमास्टर’ या खेळाने हाच हिशेब आयडल घडवण्याला लावला.

आणि त्याच वर्षी, ८ डिसेंबर २००५ रोजी, तोक्योच्या आकिहाबारा भागात, डॉन किहोते या दुकानाच्या आठव्या मजल्यावर एक छोटं नाट्यगृह उघडलं. जागा अडीचशेची. पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेले प्रेक्षक : सात. गट, एकेबी४८. सूत्रधार यासुशी आकिमोतो, गीतकार, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी ‘ओन्यान्को क्लब’साठी गाणी लिहिली होती. गट सोडून जाण्याला ‘पदवी घेणं’ म्हणायची रीत त्या क्लबमुळे रुजली. आकिमोतोंची कल्पना साधी होती : जिला जाऊन भेटता येईल अशी आयडल. रोज कार्यक्रम, समोर दहा हातांवर मुली. आणि नंतर सीडीसोबत हस्तांदोलनाची चिठ्ठी.

हा हस्तांदोलनाचा मेळावा समजून घेऊ, कारण आपल्याकडे त्याला समांतर काही नाही. माकुहारी मेस्सेसारखं अजस्र प्रदर्शनगृह. आत पडदे लावून रांगा केलेल्या, प्रत्येक रांगेवर एका मुलीचं नाव. चिठ्ठी द्यायची, पिशवी बाजूला ठेवायची, पुढे जाऊन तिचे दोन्ही हात हातात घ्यायचे. किती वेळ? काही सेकंद. चार चिठ्ठ्या एकदम दिल्या, तर चारपट. वेळ संपली, की बाजूला उभा असलेला कर्मचारी खांद्याला धरून बाजूला करतो. त्याला चाहत्यांच्या बोलीत ‘हागाशी’ म्हणतात, म्हणजे सोलून काढणारा. भिंतीवरचं भित्तिपत्रक सोलतात ना, तसा. मुलगी छान बोलली तर ती ‘देवासारखी वागणूक’, कोरडं बोलली तर ‘मिठाची वागणूक’. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, तिकडे मीठ म्हणजे कोरडेपणा! आणि सगळ्यात मोठा शब्द ‘निन्ची’. ओळख पटणं. दहाव्या, विसाव्या खेपेला ती म्हणते, ‘अरे, तुम्ही परत आलात!’ त्या एका वाक्यासाठी माणसं पगार ओततात. आपण मघाशी म्हटलं, लपून राहिलेल्या माणसाची भूक. ती इथे भागते, आणि भागत नाही.

आता पडद्याच्या पलीकडून बघा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी सकाळपासून उभी आहे. तिच्या शेजारच्या रांगेत तीनशे माणसं आहेत, तिच्यापुढे कुणीच नाही. अशा रांगेला म्हणतात ‘कासो’. ओस पडलेल्या खेड्यांसाठी जपानी सरकारी भाषेत जो शब्द आहे, तोच. तिची किंमत सगळ्यांसमोर, मीटरमध्ये मोजता येईल अशी दिसते आहे.

२००९ पासून या मोजमापाला मतदानाचं रूप आलं. सीडीत मताची चिठ्ठी. पुढच्या गाण्यात पुढे कोण उभं राहणार ते चाहते ठरवणार. पहिल्या वर्षी आत्सुको माएदा ४,६३० मतांनी पहिली आली. २०११ मध्ये तीच १,३९,८९२ मतांनी. २०१७ मध्ये रिनो साशिहारा २,४६,३७६ मतांनी. लोकसंख्या वाढली नव्हती. एकेका माणसाच्या घरातल्या सीडी वाढल्या होत्या. फुकुओकाच्या डोंगरातल्या ५८५ आठवा. कँडीजच्या चाहत्यांनी जे एकदा, निरोपाची भेट म्हणून केलं, ते इथे दरवर्षीचं वसुलीचं वेळापत्रक झालं.

आता बिल. चाहत्याला ‘तू सगळ्यांची’ हे विकायचं, तर तिचं स्वतःचं कुणी असता कामा नये. करारात प्रेमबंदी आली, कुठे लेखी, कुठे बोलीत. सातोशी कोन यांचा ‘परफेक्ट ब्लू’ हा ॲनिमे चित्रपट १९९८ मध्येच हे भय दाखवून गेला होता : आयडलपण सोडून अभिनय करू पाहणारी मुलगी, आणि ‘खरी तू’ कोण हे तिच्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं असं मानणारा चाहता. जानेवारी २०१३ मध्ये एका साप्ताहिकाने मिनामी मिनेगिशी या एकेबीतल्या मुलीने रात्र एका तरुणाकडे काढल्याची बातमी दिली. मुलगी वीस वर्षांची. तिने डोक्याचे केस भादरले आणि कॅमेऱ्यापुढे रडत माफी मागितली, आणि ती चित्रफीत गटाच्या अधिकृत वाहिनीवर झळकली. केशवपन म्हणजे काय हे महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको.

पण इथे आम्हाला चाहत्यांच्या बाजूने एक साक्ष काढायची आहे. साशिहाराचीच. २०१२ मध्ये तिच्या जुन्या प्रेमप्रकरणाची बातमी आली, व्यवस्थापनाने तिला फुकुओकाच्या भगिनीगटात धाडलं. एक प्रकारची हद्दपारी. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, चाहत्यांनी तिला मतदानात पहिलं आणलं. म्हणजे शिक्षा चाहत्यांना हवी असते, हे सरसकट खरं नाही. ‘चाहते दुखावतील’ हे पुष्कळदा कंपनीचं बोलणं असतं, चाहत्यांच्या तोंडी घातलेलं.

न्यायालयंही चाचपडली. तोक्यो जिल्हा न्यायालयाने २०१५ मध्ये एका सतरा वर्षांच्या माजी आयडलला करार मोडला म्हणून ६,५०,००० येन भरपाई द्यायला लावली. चारच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या न्यायाधीशांनी दुसऱ्या एका मुलीवरचा असाच दावा फेटाळला : कुणावर प्रेम करावं हा सुखाच्या शोधाचा भाग आहे, तो करारात बांधता येत नाही. एका इमारतीत दोन न्याय! मुलग्यांच्या आयडल गटांची कहाणी आणखी काळी आहे. त्यांच्या सर्वांत बलाढ्य कंपनीने आपल्या दिवंगत संस्थापकाने मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार २०२३ मध्ये कबूल केले. न्यायालयाने त्या आरोपांत तथ्य असल्याचं वीस वर्षं आधी म्हटलं होतं, बहुतेक माध्यमं गप्प राहिली होती. त्याला स्वतंत्र व्याख्यान लागेल.

२५ मे २०१४. इवाते प्रांतातलं ताकिझावा, हस्तांदोलनाचा मेळावा. रांगेतून एक माणूस पुढे आला आणि त्याने करवत काढली. रिना कावाएइ आणि आन्ना इरियामा या दोन मुली आणि एक कर्मचारी जखमी झाले. हल्लेखोराला सहा वर्षांची शिक्षा झाली. मेळावे काही काळ थांबले, मग धातुशोधक यंत्रं बसवून पुन्हा सुरू झाले. जवळीक हाच माल होता, तो बंद कसा करणार? कागदी फितीतली नळी काढणाऱ्या पोरांनी जी काळजी आपणहून घेतली होती, ती आता दारावरच्या यंत्राकडे आली.

ही पद्धत मग जपानबाहेरही गेली. जकार्तात जेकेटी४८ चांगला रुजला. आपल्या मुंबईसाठी एमयूएम४८ची घोषणा झाली, पण गट काही मंचावर आला नाही. आम्हाला त्याचं फारसं दुःख नाही. भारतातल्या ॲनिमे-चाहत्यांनी मात्र एक जुन्या वळणाचं काम केलं : माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ इथे लागावा म्हणून सह्यांची मोहीम चालवली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत लागला. कँडीजच्या पोरांना ते ओळखीचं वाटलं असतं.

२०२० मध्ये करोना आला आणि जे करवतीने झालं नाही ते विषाणूने केलं. हस्तांदोलन थांबलं. त्याऐवजी फोनच्या पडद्यावर काही सेकंदांची गप्पांची चिठ्ठी आली. हात गेला, पण घड्याळ राहिलं.

आणि रिना कावाएइ? हल्ल्यानंतर तिला हस्तांदोलनाला उभं राहणं जमेना. ते जमत नसेल तर गटात राहणं अवघड, म्हणून २०१५ मध्ये तिने ‘पदवी’ घेतली आणि अभिनयाकडे वळली. २०२१-२२ मध्ये एनएचकेच्या सकाळच्या मालिकेत, तीन पिढ्यांच्या तीन नायिकांपैकी एक म्हणून ती महिनोन्‌महिने घरोघरी दिसली. पंधरा मिनिटांचा भाग, न्याहरीच्या वेळी.

थोडं पाणी घेतो. मग तुमचे प्रश्न.